कुणाची हरकत हाय का?

घर बघायला गेलो तेव्हा आमच्या होणाऱ्या घरमालकांनी भाडं सांगितलं नाही, माणसं किती ते विचारलं नाही आणि आडनावही विचारलं नाही. ही शेवटची गोष्ट किती दुर्मिळ असते, ते ज्यांना प्रत्येक दारात विचारलं जातं त्यांनाच कळेल. ते उंबऱ्याशी उभे राहिले, आतल्या फरशीकडे बोट केलं आणि मला म्हणाले, "आडव्या होऊन बघा."

मी महाडजवळच्या नाते गावातल्या शाळेत शिक्षिका. अंगावर इस्त्रीची साडी, शेजारी नवरा, समोर अनोळखी म्हातारा. मी पर्स घट्ट धरली. नवरा छताला ओल आहे का ते फार लक्ष देऊन बघायला लागला. सासूबाईंनी मात्र पदर खोचला आणि सरळ फरशीवर अंग टाकलं. मिनिटभर डोळे मिटून पडल्या आणि मग म्हणाल्या, "थंड हाय. पण उतार हाय, मोरीच्या अंगानं."

घरमालक खूश झाले. हा उतार आजवर त्यांच्याशिवाय कुणाला कळला नव्हता म्हणे. घर आम्हाला मिळालं, ते असं सासूबाईंच्या पाठीमुळे मिळालं.

घरमालकांना गल्लीत सगळे मोजणीदार म्हणत. सगळी नोकरी त्यांनी जमिनी मोजण्यात घालवली होती. महाड आणि पोलादपूर तालुक्यातला असा बांध नसेल की ज्यावर त्यांनी साखळी टाकली नाही. त्या काळात मोजणीला गेलं की मुक्काम शेतातच. सरकारी राहुटी, खुंट्या, कंदील आणि हे. त्यातून त्यांना ती खोड लागली होती. जागा कुठलीही असो, आधी तिच्यावर पाठ टेकायची. डोळ्यांना जमीन सपाट दिसते, पाठीला खरी कळते, हा त्यांचा सिद्धांत. फरशीच्या दुकानात ते नमुन्याच्या फरशीवर आडवे होत. नातेवाइकांच्या लग्नाचं कार्यालय ठरवायला त्यांना नेलं, तर स्टेजवर आडवे होऊन "नवरीच्या बाजूला खळगा हाय," असं सांगून आले. एकदा तर एसटी स्टँडवर नवीन काँक्रीट टाकलेलं बघून तिथंच आडवे झाले. लोकांना वाटलं म्हातारा गेला. एकाने तोंडावर पाणी मारलं, दुसऱ्याने नाकाला कांदा लावला. मोजणीदार डोळे न उघडता म्हणाले, "कांदा बाजूला घ्या, मला पावसाचं पाणी कुठं साचंल ते बघू द्या." त्या पावसाळ्यात पाणी नेमकं ते पडले होते तिथंच साचलं.

दुसरी खोड बोलण्यातली. मोजणी झाली की हद्दीच्या खुणा दाखवायच्या आणि लगतच्या शेतकऱ्यांना, म्हणजे लगतधारकांना, मोठ्याने विचारायचं, कुणाची हरकत हाय का? हे त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की निवृत्त झाल्यावरही सुटलं नाही. आमच्याकडे जेवायला आले आणि वाटीतला शेवटचा बोंबील राहिला, की ते चमचा उचलून सगळ्यांकडे एकेकदा बघत आणि विचारत, "कुणाची हरकत हाय का?" आमच्या दोघी मुलींना हे इतकं आवडायचं की त्या मुद्दाम हरकत घ्यायच्या. मग बोंबलाची रीतसर मोजणी व्हायची आणि तिघांत वाटप व्हायचं.

पण आकड्याच्या बाबतीत थट्टा चालायची नाही. सख्ख्या भावाची मोजणी निघाली तेव्हा त्याचं कुंपण शेजाऱ्यात हातभर गेलेलं निघालं. मोजणीदारांनी हातभर लिहिलं. भाऊ बोलायचा बंद झाला. पुतणीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं नाही. तरी हे गेले, शेवटच्या पंगतीला बसले, जिलबीची तारीफ केली आणि परत आले. मी एकदा विचारलं, हातभराने असं काय झालं असतं? ते म्हणाले, "बाई, मी एकदा खोटी रेघ मारली असती, तर माझ्या बाकी सगळ्या रेघा कुणी खऱ्या मानल्या असत्या?" त्यानंतर मी शाळेत हजेरी भरतानासुद्धा जरा जपून भरायला लागले.

आता महाडात खालचं घर भाड्याने घ्यायचं म्हणजे पुराचा विचार आलाच. मोजणीदारांनी तो पहिल्याच दिवशी भिंतीवर दाखवला. मोठ्या पुरात सावित्रीचं पाणी जिथपर्यंत चढलं तिथं त्यांनी निळ्या पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. "सामान याच्यावर. माणसं जिन्यानं वर." आमचं घर त्या रेघेवर लागलं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात कागदपत्रं, त्याच्यावर मिक्सर, आणि सगळ्यांत वर फोटोशेजारी सासूबाईंचं पिंपळपान. मुलींची उंचीही आम्ही त्याच भिंतीवर मोजायचो. थोरली ज्या दिवशी पुराच्या रेघेवर गेली त्या दिवशी मोजणीदारांनी पेढे आणले.

त्या पुरानंतर त्यांच्या मुलीने त्यांना सक्तीने वरच्या मजल्यावर हलवलं होतं. तिथं त्यांना झोप येत नसे. पाठीखाली खाट, खाटेखाली लाकडी तक्तपोशी, तक्तपोशीखाली आम्ही. "अधांतरी पडल्यागत वाटतं," म्हणायचे. एरवी कुठंही जमिनीला पाठ लागली की दोन मिनिटांत घोरणारा हा माणूस, स्वतःच्या घरात मात्र रात्रभर गल्लीतले आवाज ऐकत पडून राहायचा.

ते पिंपळपान सासूबाईंच्या मैत्रिणीने बुद्धगयेहून आणलं होतं. मैत्रीण बसच्या सहलीतून गेली होती. सासूबाई तेव्हा गेल्या नाहीत, कारण सासरे आजारी होते. नंतर जायचं म्हणाल्या तेव्हा थोरली झाली, मग धाकटी, मग पूर. पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेलं. महिन्यातून एकदा त्या पाकीट पुसायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. मागायचं काही नाही. तेवढंच पुसणं.

म्हणून मी आणि नवऱ्याने ठरवलं, की दिवाळीच्या सुट्टीत आपल्याच गाडीने जायचं. सांची, सारनाथ, बुद्धगया. गाडी जुनी पण सात जणांची. वाटेत तंबूत राहायचं, म्हणजे म्हातारीला हवं तिथं थांबता येईल. सासूबाईंना सांगितलं त्या दिवशी त्या भाकरी करताना गुणगुणत होत्या.

आणि मग तंबूचं सुरू झालं.

नवरा एमआयडीसीत नोकरीला आहे आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर व्हिडिओ बघतो. त्याने टपावरचा तंबू बघितला. गाडीच्या टपावर पेटीसारखा बसवायचा, मुक्कामाला उघडायचा, शिडी लावून वर चढायचं. पुण्यात भाड्याने मिळतो म्हणे. मला जमिनीवरचा हवा होता. तो उभं राहून झाडता येतो, आणि घरात झाडणारी मीच आहे. दोघी मुली बापाच्या बाजूने. नवऱ्याने विंचू काढले, साप काढले, आणि शेवटी हुकमाचं पान काढलं, "पाणी आलं तर?" कार्तिक महिना, मध्य प्रदेश, आणि पाणी येणार. पण महाडच्या माणसाला खाली म्हणजे धोका आणि वर म्हणजे बरं, हे शिकवावं लागत नाही. पुरातून वाचलेला माणूस सपाट माळावरसुद्धा आधी जिना शोधतो. मीही मनातून टपाकडे झुकायला लागले होते.

नवऱ्याने टपावरचा तंबू आणून गाडीवर चढवला आणि अंगणात उघडून दाखवला. मुली किंचाळत वर गेल्या. सासूबाई खाली शिडीला हात लावून उभ्या राहिल्या. पायऱ्या मोजल्यासारख्या वर बघत होत्या. मग आत गेल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "तुमी जावा गो. मी घर राखते. मना येवढा प्रवास झेपायचा नाय."

आम्ही विनवण्या केल्या. नवरा चिडला. इतकी वर्षं पान पुसत बसलीस आणि आता नको? तिला गुडघ्याचं वाटत असेल म्हणून त्याने शिडीला धरायला दांडा लावायची तयारी दाखवली, मागून ढकलायची तयारी दाखवली. त्या नाहीच म्हणाल्या. मला वाटलं आपल्याला ओझं नको म्हणून म्हणतात, आणि मला त्यांचा रागच आला. ज्यांच्यासाठी निघायचं त्यांनाच सोडून कसं जायचं? त्यांचं वय सत्तरीला टेकलेलं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत आणखी किती ढकलणार होतो आम्ही?

शेवटी मी वर जाऊन मोजणीदारांना सगळं सांगितलं. ते चष्मा लावून खाली आले. गाडीला प्रदक्षिणा घातली. शिडीने वर चढले आणि अर्थातच आडवे झाले. नवरा खाली परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा उभा. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, "वारा चांगला हाय. गादी मऊ हाय. धाकटीनं कूस बदलली की थोरली हलते, पण चालंल." मग खाली आले. पुढे म्हणाले, की याचा एकच दोष, सकाळी दुधाला जायचं तर अख्खं घर गुंडाळून जावं लागणार. नवरा म्हणाला दूध रात्रीच आणून ठेवू. मोजणीदारांनी मान हलवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पण रात्री उठतं कोण कोण?"

आमच्या घराचा संडास परसात आहे, मागच्या दाराची कडी काढून जावं लागतं. हा काय चारचौघांत बोलायचा विषय? नवरा म्हणाला, कुणीच नाही, फार तर एखाद वेळ. सासूबाईंचं निवडून झालेलं सूप त्या पुन्हा निवडायला लागल्या होत्या.

"अंदाजानं रेघ मारत नसतात," मोजणीदार म्हणाले. त्यांनी धाकटीची पाटी मागून घेतली, तिच्यावर पाचही जणांची नावं लिहिली आणि मागच्या दाराला टांगली. रात्री जो उठेल त्याने आपल्या नावापुढे एक रेघ मारायची. आठवडाभर. "कुणाची हरकत हाय का?" मुलींनी नेमकी तेव्हा हरकत घेतली नाही.

आठवड्याने पाटी वाचली. नवऱ्याच्या दोन रेघा, माझ्या तीन, थोरलीची एकही नाही, धाकटीच्या एका रेघेला साप काढलेला. सासूबाईंच्या नावापुढे सातही दिवस कोरं. नवरा जिंकल्यासारखा हसला. मोजणीदारांनी चष्मा वर केला, खाली केला, त्या कोऱ्या जागेकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, मोजणी अपुरी आहे. जागेवर करावी लागेल.

"आणि मला धरा," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून एवढ्या मोठ्याने म्हणाले की गल्लीत ऐकू गेलं असेल. "मी येनार बुद्धगयेला. मी रात्री चारदा उठतो. वय झालं, लपवायचं काय त्यात?"

नवऱ्याचा चेहरा पडला. घरमालकाला नाही म्हणता येत नव्हतं आणि चार वेळा शिडी उतरणारा म्हातारा टपावर झोपवता येत नव्हता. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी मात्र काही ओळखलं नाही. रोज तीस पोरांच्या चेहऱ्यांवरून कुणी गृहपाठ केला नाही ते ओळखणारी मी, घरातल्या माणसाचा चेहरा मला वाचता आला नाही.

जागेवरची मोजणी ठरली ती सासूबाईंच्या माहेरी, पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. हळवं, लवकर पिकणारं भात कापून झालेलं, शेताच्या कडेला नुकतंच सारवलेलं खळं. गाडीवर नवऱ्याचा तंबू, खाली माझ्यासाठी आणि सासूबाईंसाठी उसना आणलेला तंबू, आणि त्याच्या शेजारी मोजणीदारांची राहुटी. ही राहुटी त्यांनी निवृत्त होताना खात्याकडून निकालात काढलेली घेतली होती. तिला कंदिलाचा वास येत होता. जागा ठरवायला ते पाच ठिकाणी आडवे झाले. सासूबाईंचे भाऊ, भावजय आणि अर्धी वाडी बघायला जमली. शेवटी निकाल आला, डोकं महाबळेश्वराकडे आणि पाय पोलादपूरकडे, कारण उतार तसा आहे. सासूबाई म्हणाल्या, "जरा डाव्या अंगाला घ्या मोजणीदार, खालती ढेकूळ हाय." ते पुन्हा आडवे झाले आणि म्हणाले, "हाय खरं." दोघंही फार खुशीत होती.

मोजणीदारांनी पाटी दोन तंबूंच्या मधल्या बांबूला टांगली, आपलं नाव सर्वांत खाली वाढवलं आणि अंधार पडला तसे राहुटीत शिरले. मी दिवसभराची दमलेली, पडल्या पडल्या झोपले.

सकाळी खळ्यावर ऊन आलं तेव्हा नवरा चहाच्या आधीच वैतागलेला होता. धाकटीने रात्री उतरवायला लावलं होतं, उतरताना त्याचा पाय शिडीवरून थेट भावजयीच्या कोंबड्यांच्या डालग्यात गेला होता, आणि आता दूध आणायला गावात जायचं तर वर दोघी मुली झोपलेल्या. तो चालत गेला. मी पाटीकडे बघितलं. सर्वांत खाली, मोजणीदारांच्या नावापुढे चार रेघा होत्या. त्यांच्या नेहमीच्या, पट्टीने मारल्यासारख्या सरळ.

मोजणीदार खळ्याच्या कडेला दात घासत उभे होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चारदा. मोजून घ्या. या वयात हे असं असतं. कुणाची हरकत हाय का?"

सासूबाई चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणी ठेवली, उठल्या, बांबूपाशी गेल्या आणि खडू घेतला. आपल्या नावापुढे एक रेघ मारली, थांबल्या, आणखी तीन मारल्या. रेघा जरा वाकड्या आल्या. मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "माज्या पन चार."

नवरा दुधाची पिशवी घेऊन तेवढ्यात आला होता. त्याने पाटी बघितली, आईकडे बघितलं. पिशवी माझ्या हातात दिली आणि टपावर चढून मुलींना उठवायला लागला. अर्ध्या तासात त्याने तो तंबू गुंडाळून त्याच्या पेटीत घातला आणि झाकण लावून वरून दोनदा थोपटलं. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही, कारण मग तो नवं काहीतरी विकत घेईल.

सासूबाई यायला तयार झाल्या. निघायच्या दोन दिवस आधी मोजणीदार मात्र म्हणाले की मुलीकडून बोलावणं आलंय, मला जमायचं नाही. आम्हाला वाईट वाटलं. त्यांनी आपल्या खुंट्या आणि त्या ठोकायची मोगरी गाडीत ठेवली आणि सासूबाईंना सांगितलं, "ताई, जागा तुम्ही बघा. यांच्या डोळ्यांवर जाऊ नका."

त्या प्रवासात प्रत्येक मुक्कामाला आधी सासूबाई आडव्या व्हायच्या. सांचीजवळच्या पेट्रोल पंपामागे, सारनाथला विहाराच्या आवारात. मुली त्यांच्या दोन बाजूंना आडव्या व्हायच्या. बुद्धगयेला त्या झाडाखाली सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिल्या. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "बस गो जरा." मी बसले. एक पान वाऱ्याने माझ्या पुढ्यात आलं. त्यांनी ते उचललं, बघितलं आणि पलीकडे रडणाऱ्या एका बाईच्या हातात दिलं. त्यांना आता पानाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूच्या दोरीवर धुणं वाळत घालताना त्यांनी मला सांगितलं.

"खळ्यावर मी चारदा उठले ना गो, चारी येळेला मोजनीदार घोरत व्हते. राहुटी हालत व्हती घोरन्यानं."

मी हातातला टॉवेल पिळायला विसरले. "मग त्या रेघा?"

"माज्याच त्या. घरी मागच्या दाराची कडी वाजते, ती त्यांच्या खाटेखाली. त्यांना वर झोप नाय. रोज मोजत असतील."

"तुम्ही त्यांना बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? सख्ख्या भावासाठी खोटी रेघ मारली नाय त्या मानसानं." त्यांनी टॉवेल माझ्या हातातून घेऊन पिळला. "माज्यासाठी मारली ती मी पुसू?"

या गोष्टीला काही वर्षं झाली. आम्ही अजून त्याच घरात आहोत, धाकटीही रेघेच्या वर गेली. मोजणीदार मात्र कायमचे कल्याणला मुलीकडे गेले, नवव्या मजल्यावर. तिथं त्यांचे हाल आहेत. आडवं व्हायला बागेत गेले तर वॉचमन उठवतो. परवा फोन आला तेव्हा तक्रार करत होते, "बाई, हितं नऊ घरं खाली आणि मग जमीन. पाठीला कळनार कसं?" सासूबाई शेजारून ओरडल्या, भात कापून झालंय, खळं सारवलंय, राहुटी घेऊन या. ते म्हणाले उद्याच निघतो.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, एक विचारू? त्या पाटीवरच्या चार रेघा. तुम्ही तर रात्रभर घोरत होता."

मी मनात म्हटलं, कशाला विचारलंस.

मग ते खाकरले आणि मोजणीच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "लगतधारक हजर हायत का?"

"आहेत," मी म्हटलं. फोन स्पीकरवर होता.

"कुणाची हरकत हाय का?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पदराने डोळे पुसत हसत होत्या. फोनजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "नाय मोजनीदार. कुनाची हरकत नाय."